रुळांवरून रस्त्यावर : शेठ वालचंद हिराचंद

चरोद्यात वाढलेल्या आम्हा मंडळींचे पहिले नाते चाकाशी जडले ते आगगाडीच्या. यार्डातील वाघिणींचा खडखडाट ऐकत आम्ही निजलो आणि भोंग्यावर उठलो. घरची मोटार ही त्या काळी आमच्या क्वार्टरांत स्वप्नातही न येणारी गोष्ट. तरी सुटीत पासावर नागपूरला वा मुंबईला गेलो की एखाद्या सुस्थितीतील आप्ताच्या दारी उभी असलेली लांबरुंद अमेरिकन मोटार दिसे, आणि बालमन तेथेच खिळून राही. पुढच्या अखंड बाकावर तिघे ऐसपैस बसत. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीच असे. सहा सिलिंडरांच्या इंजिनाची घरघर कशी संथ, भारदस्त! डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे आम्ही इष्टदेवतांच्या नावांसारखी घोकली. अनेक मराठी कुटुंबांची पहिली मोटार यांपैकीच एखादी, तीही बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या हाताची असे.

यांतील कित्येक गाड्या अमेरिकेहून सबंध आलेल्या नसून मुंबईच्या कुर्ल्यात जुळवलेल्या होत्या, हे मात्र आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. ज्या पुरुषाच्या जिद्दीमुळे हे घडले, त्याचे अल्पचरित्र या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नोंदवावे, असे आम्हांस वाटते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर जैन. परंतु दक्षिण महाराष्ट्राच्या मातीत पूर्णपणे रुजलेले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातेचे छत्र हरपले. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. शिक्षण अर्धवट सोडून वालचंद त्या पेढीवर बसले खरे, पण पिढीजात धंद्यात त्यांचे मन रमेना.

येथे आम्हा रेल्वेवाल्यांस अभिमान वाटावा असा योग येतो. त्यांना उद्योगाची वाट दाखविली ती एका रेल्वे कारकुनाने. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे नोकरी सोडून कंत्राटदार झालेले गृहस्थ. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने या भागीदारीचा प्रारंभ झाला. पुढे बोरघाटातील बोगदे, मुंबईस पाणी पुरविणारी तानसाची नळयोजना अशी प्रचंड कामे त्यांच्या हातून पार पडली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी हे त्याच मार्गावरील पुढचे स्थानक.

परंतु एका धंद्यात स्थिरावणे हा त्यांचा पिंडच नव्हे. पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक आगबोट विक्रीस असल्याचे त्यांना कळले. सहकाऱ्यांसह त्यांनी ती घेतली, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना जेरीस आणले, पण बुडविता मात्र आले नाही. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंदापूर तालुक्यातील माळरानावर उभे राहिलेले वालचंदनगर आणि नाशिक जिल्ह्यातील रावळगाव ही त्यांच्या साखर उद्योगाची स्मारके होत.

मोटारीचा ध्यास लागला तो १९३०च्या दशकात. सर विश्वेश्वरय्या यांनी हिंदी मोटार कारखान्याची योजना तेव्हा आखली होती; तिला वालचंदांनी खांदा दिला. त्या वेळी फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्या परदेशातून सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जुळवीत असत. जुळणी येथे, ज्ञान आणि नफा मात्र तिकडे, ही गोष्ट वालचंदांना सलत होती. १९३९ मध्ये ते अमेरिकेस गेले. फोर्डशी जमले नाही; क्रायस्लर कंपनीशी मात्र करार झाला. म्हैसूर संस्थान साह्यास तयार होते, परंतु युद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थान सरकारने योजनेस अनुकूलता दाखविली नाही.

दरम्यान त्याच प्रवासात एका अमेरिकन विमान व्यावसायिकाची गाठ पडली, आणि त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. १९४२ मध्ये ती सरकारने हाती घेतली. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेथे बांधलेले ‘जलउषा’ जहाज पं. नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले. पुढे तोही कारखाना सरकारच्या स्वाधीन झाला.

मोटारीचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्यास काही महिने उरले असता, कुर्ल्यातून पहिली मोटार बाहेर पडली. डॉज, डिसोटो व प्लिमथ या जणू तीन सख्ख्या बहिणी. क्रायस्लरचा एकच सांगाडा, केवळ नाक आणि नाव वेगळे. टीकाकार म्हणत, ही तर परक्याचीच गाडी. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण जुळणी ही पहिली इयत्ता आहे, तीच अखेरची नव्हे, हे वालचंद जाणून होते. १९४९ पासून काही भाग येथेच घडू लागले.

त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांना गाठले. १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शासनाने ठरविले की, ज्यांच्यापाशी येथेच निर्मिती करण्याची योजना आहे, त्यांनाच या धंद्यात राहता येईल. केवळ जुळणी करणाऱ्या बलाढ्य परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना टिकला. वालचंदांचा आग्रह खरा ठरला, पण तो पाहण्यास ते राहिले नाहीत. त्या कारखान्याची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, पुढे असंख्य मध्यमवर्गीय घरांची पहिली मोटार झाली. तिची शेवटची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली.

वालचंदांनी पाहिलेली स्वप्ने मोठी होती, आणि त्यांपैकी विमान व जहाज ही दोन त्यांच्या हातून निसटली. पण स्वप्न निसटले म्हणून काम वाया गेले, असे आम्ही तरी म्हणणार नाही. ज्या राजेंद्रबाबूंनी विशाखापट्टणमला ती कोनशिला बसविली, त्यांच्याच हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीच्या आधाराने आमची घरे उभी राहिली, आणि तिचे पोलाद वाहणाऱ्या वाघिणी आमच्या वडीलधाऱ्यांनी या यार्डात जोडल्या. आपल्या देशात आपल्या हातांनी घडवावे, हा एका सोलापूरकराचा हट्ट आमच्या अन्नात असा मिसळला आहे.

आज आमच्या अंगणांत मोटारी उभ्या आहेत. मात्र एखाद्या लग्नाच्या वरातीत सजविलेली जुनी डॉज दिसली की आम्ही अजूनही थबकतो. आणि आता तिच्या चमकत्या नाकापलीकडे आम्हांस सोलापूरच्या पेढीवर अस्वस्थ बसलेला तो तरुण दिसतो.