चिंतामणरावांचे केंब्रिज

परदेशी शिक्षणासंबंधी आपल्याकडे जी चर्चा होते तिच्यात प्रवेश कसा मिळतो, फी किती पडते, कर्ज कोणती बँक देते आणि पुढे तेथेच नोकरी लागते की नाही, एवढेच प्रश्न बहुधा असतात. गेलेला विद्यार्थी तेथून काय घेऊन येतो आणि ज्या समाजाने त्याला वाढविले त्याच्या पदरात त्यातले काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रायगड जिल्ह्यातील सुशिक्षितांनी तरी तो विचारला पाहिजे. कारण त्याचे एक भरीव उत्तर याच जिल्ह्याच्या मातीत जन्मले. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ते उत्तर होय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री एवढी त्यांची ओळख बहुतेकांना असते. परंतु त्यांच्या चरित्राची सलग मांडणी करू लागले, की त्यांच्या केंब्रिजमधील दिवसांपाशी थबकावे लागते.

रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर महाड तालुक्यात नाते नावाचे गाव आहे. तेथे १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. वडील वकिली करीत. घरची मंडळी रोह्याची, आणि कुंडलिकेच्या काठचे हे गावच पुढे चिंतामणरावांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. ते रायगड झाले १९८१ साली. मुंबई नकाशावर जवळ दिसत असली तरी खाडी, डोंगर आणि पावसाळा यांनी ती लांब करून ठेवली होती. रोह्याला रेल्वे पोचली ती १९८६ साली, म्हणजे चिंतामणरावांच्या निधनानंतर. अशा भागातला मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकला आणि १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच मिळविली. हे संस्कृत त्यांनी पुढे कोठेही टाकून दिले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१५ साली ते इंग्लंडला गेले. कोकणातल्या मुलाने केंब्रिजला जाणे ही तेव्हा अगदीच अपूर्व गोष्ट राहिली नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तेथे गणितात सीनियर रँग्लर झाले होते आणि मराठी घराघरांतून ते नाव आदर्श म्हणून घेतले जात होते. तथापि चिंतामणराव गेले ते वर्ष निराळे होते. पहिल्या महायुद्धाचा वणवा पेटला होता. कॅम नदीच्या काठचे ते पुरातन विद्यापीठ ओस पडत चालले होते. तेथील तरुण वर्गातून उठून थेट खंदकांत जात होते आणि त्यांतले पुष्कळसे परत येत नव्हते. चिंतामणरावांचे जीझस कॉलेज १४९६ साली एका जुन्या जोगिणींच्या मठात स्थापन झालेले. चारशे वर्षांहून जुन्या त्या वास्तूत, निम्म्याअधिक रिकाम्या झालेल्या वर्गांत, रोह्याचा हा विद्यार्थी शिकत होता. त्याच काळात थोड्या अंतरावरील ट्रिनिटी कॉलेजात श्रीनिवास रामानुजन गणिताची नवी दालने उघडीत होते.

चिंतामणरावांनी तेथे काय शिकावे? अर्थशास्त्र नव्हे! वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १९१७ साली निसर्गविज्ञानाची ट्रायपॉस परीक्षा दिली आणि वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले. देशाच्या चलनाची आणि अंदाजपत्रकाची सूत्रे ज्यांच्या हाती पुढे आली त्यांच्यापाशी अर्थशास्त्राची पदवी नव्हती, हे अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आम्हा मंडळींना जरा खटकणारे असले तरी खरे आहे. परंतु वनस्पतिशास्त्र म्हणजे नुसती पानाफुलांची नावे नव्हेत. वस्तू आधी नीट पाहावी, तिची नोंद करावी, तिचे वर्गीकरण करावे आणि मगच मत द्यावे, ही शिस्त त्या विषयात मुरलेली असते. कारभारातले आणि अर्थकारणातले चिंतामणराव पाहिले, की ही शिस्त ओळखू येते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षे सांभाळले, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम १९५० साली सुरू झाले तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पाठीशी ते उभे राहिले. महालनोबीसही केंब्रिजचेच. आकड्यांवाचून धोरण नाही, हा आग्रह उभयतांचा होता.

१९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेत चिंतामणराव पहिले आले. या यशाचे कौतुक करताना त्यामागची विषमता झाकता कामा नये. ही परीक्षा तेव्हा फक्त लंडनमध्ये होत असे. ती भारतातही एकाच वेळी घ्यावी यासाठी दादाभाई नौरोजी झगडले; १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने तसा ठरावही केला. तो अमलात येण्यास मात्र १९२२ साल उजाडले. ज्याच्या घरी समुद्रप्रवासाचा आणि तेथील राहणीचा खर्च पेलण्याची शक्ती नव्हती, त्याची बुद्धी कितीही तल्लख असो, त्याच्यासाठी हे दार बंद होते. नाते आणि रोहे परिसरातील किती बुद्धिमान मुले या उंबरठ्याच्या अलीकडेच राहिली असतील, त्यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. चिंतामणरावांना स्वतःला मिळालेली ही संधी दुर्मिळ आहे याची जाणीव होती की काय नकळे. त्यांच्या पुढील कार्याची दिशा पाहता ती असावी असे वाटते.

मध्यप्रांत आणि वऱ्हाडात त्यांनी सुमारे वीस वर्षे नोकरी केली. रायपूरकडील जमाबंदीचे काम त्यांत महत्त्वाचे. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले.

हा काळ सुखाचा नव्हता. ब्रिटन युद्धासाठी भारतात माल खरेदी करीत होते आणि त्याचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने भारताच्या खाती जमा करीत होते. त्या जमेच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात होत्या. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे जात होता, नोटा देशात राहत होत्या; मग भाव भडकले तर नवल काय? त्याच १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. युद्धखर्चाचा हा निर्णय गव्हर्नरच्या हातातला नव्हता हे खरे, परंतु त्या यंत्रणेच्या शिखरावर तो बसला होता हेही तितकेच खरे. परकीय सत्तेच्या चाकरीत राहून देशहित साधण्याच्या या वाटेवर असे कडू घोट अटळ होते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटनवुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन संस्था तेथे आकारास आल्या. भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हेही होते. भारताची स्टर्लिंग शिल्लक पुढे एक अब्ज पौंडांच्या वर गेली. तिचा प्रश्न या मंडळींनी परिषदेत मांडला. ब्रिटनच्या बाजूस होते जॉन मेनार्ड केन्स. तेही केंब्रिजचे, किंग्ज कॉलेजचे, आणि भारताचे चलन या विषयावर १९१३ साली ग्रंथ लिहिलेले. हा प्रश्न उभय देशांनी आपसांत सोडवावा, परिषदेत नव्हे, अशी भूमिका केन्स यांनी घेतली आणि ती टिकली. नाणेनिधीत भारताचा वाटा मात्र ४० कोटी डॉलर्सचा ठरला, आणि सोव्हिएत रशिया बाहेर राहिल्यामुळे पहिल्या पाच देशांत भारताची गणना झाली. ज्या विद्यापीठात चिंतामणराव शिकले त्याच विद्यापीठाच्या सर्वांत नामांकित अर्थशास्त्रज्ञाशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची वेळ पारतंत्र्यातल्या देशाच्या प्रतिनिधींवर आली, आणि ते दबले नाहीत. केंब्रिजच्या शिक्षणाचा काही उपयोग झाला असेल तर तो येथे झाला. तेथील माणसे जवळून पाहिलेल्यास त्यांचा बाऊ वाटत नाही.

फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. ही दोन्ही संक्रमणे चिंतामणरावांच्या कारकीर्दीतली. जून १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक बाजू, १९५५ साली स्थापन झालेली स्टेट बँक आणि १९५६ च्या आरंभी झालेले आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातील ठळक कामे होत.

आणि मग मुंबईचा प्रश्न आला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचे जाहीर झाले. शहर पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांनी हा निर्णय जाहीर केला ते पंतप्रधान नेहरू ट्रिनिटी कॉलेजचे विद्यार्थी, आणि १९१० साली त्यांनी दिलेल्या ट्रायपॉसचे विषय कोणते? रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र! चिंतामणरावांचे तेच तीन. एकाच विद्यापीठात, सात वर्षांच्या अंतराने, तेच विषय शिकलेली ही दोन माणसे एका गोळीबारापाशी येऊन विलग झाली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. तो काही महिने तसाच राहिला आणि जुलैमध्ये मान्य झाला. लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी मुंबईच्या निर्णयाची पद्धत आणि गोळीबाराची चौकशी नाकारणे या दोहोंवर नेमके बोट ठेवले. आरडाओरडा नाही, आक्रस्ताळेपणा नाही. कागदपत्र समोर ठेवून केलेली ती मांडणी होती. शिकल्यासवरल्या माणसाने सत्तेशी मतभेद कसा करावा याचा तो वस्तुपाठ ठरला. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले ते असंख्य सामान्य माणसांच्या त्यागामुळे; परंतु दिल्लीच्या मंत्रिमंडळातले एक आसन मुंबईसाठी रिकामे झाले, याचे मोल त्या माणसांनी ओळखले होते.

मंत्रिपद गेल्यावर चिंतामणरावांनी जे काम पत्करले त्यात त्यांच्या केंब्रिजची खरी परतफेड आहे. १९५६ ते १९६१ या काळात ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. ग्रंथालये, प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि शिक्षकांच्या वेतनश्रेणी यांसाठी पैसा देणारी आणि दर्जा मागणारी यंत्रणा त्यांच्या हाताखाली मार्गी लागली. आज महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकाच्या वेतनपत्रकामागे त्या काळात घातलेली चाकोरी आहे. पुढे १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि हैदराबादचे प्रशासकीय महाविद्यालय यांच्या उभारणीतही त्यांचा वाटा मोठा. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पक्षीय राजकारणाचा तो आखाडा त्यांचा नव्हताच.

या सर्व धकाधकीत त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला, गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली आणि स्वतःची संस्कृत काव्यरचनाही प्रसिद्ध केली. बागेचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. १९५३ साली त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला, आणि समाजकार्याला वाहिलेल्या त्या कर्तबगार सहचारिणीबरोबर त्यांनी उत्तरायुष्य घालविले. १९७५ साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

आज केंब्रिजचा रस्ता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. रायगड जिल्ह्याच्याच पनवेल तालुक्यात आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आहे आणि बँका शिक्षणासाठी कर्ज देतात. परंतु कर्ज मिळण्यासाठी तारण लागते, आणि ज्याच्यापाशी तारण नाही त्याच्यासाठी १९१८ च्या लंडनची परीक्षा वेगळ्या रूपाने चालूच आहे. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने परत यावेच, असा फतवा कोणी काढू नये. पोटापाण्याची ओढ समजण्यासारखी असते, आणि दूर राहूनही देशाचे काम करता येते. मात्र गावाचा जो मुलगा जातो त्याच्याकडून दोन अपेक्षा बाळगण्याचा हक्क गावाला आहे. आपली भाषा आणि आपले जुने धन त्याने बंदरावरच उतरवून ठेवू नये, आणि जे दार त्याच्यासाठी उघडले ते मागून येणाऱ्यांसाठी अधिक रुंद करण्यास त्याने हातभार लावावा.

चिंतामणरावांनी हे दोन्ही केले. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. जी मुले समुद्र ओलांडू शकत नाहीत, त्यांचे केंब्रिज तेच आहे. तेथील ग्रंथालयात पुस्तके पुरेशी आहेत का, प्रयोगशाळेत साहित्य आहे का, शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का, हे प्रश्न जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाविषयी विचारीत राहणे हेच त्यांचे स्मारक. ते वर्षातून एकदा हार घालून भागणारे नाही.