लेकरांना झेंडा शिकवायचा, तर शिरीषकुमार सांगा

१५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या अकोला-अमरावतीकडच्या गावागावांतल्या शाळांत तयारी सुरू होते. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, चक्राला २४ आरे. लेकरं घडाघडा म्हणून दाखवतात. पण हाच झेंडा घेऊन रस्त्यावर निघालं की इंग्रज पकडून न्यायचे, हे त्यांना कोण सांगणार?

लांब जायची गरज नाही. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती. ती मोडायला झेंडा सत्याग्रह झाला. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे होते, त्यांनाही तुरुंगवास झाला. शेकडो माणसं जेलात गेली, ती फक्त झेंडा धरला म्हणून.

त्यानंतर तीन वर्षांनी, २८ डिसेंबर १९२६ रोजी, नंदुरबारला शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता जन्मला. अमरावतीहून सुरतेकडे जाणारी गाडी ज्या नंदुरबारला थांबते, तेच हे गाव. तेव्हा ते पश्चिम खानदेशात होतं. घर व्यापाऱ्याचं, बोली गुजराती. अशा घरातलं पोरगं दुकानाच्या गादीवर बसलं असतं, तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

पण ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींनी इंग्रजांना देश सोडायला सांगितलं आणि ९ तारखेला त्यांना अटक झाली. मोठे पुढारी जेलात गेले. मग गावोगावी चळवळ पोरासोरांनी हातात घेतली. नंदुरबारातही शाळकरी पोरं झेंडे घेऊन घोषणा देत फिरू लागली. शिरीष त्यांच्यात पुढे असायचा.

बरोबर एक महिन्यानं, ९ सप्टेंबर १९४२ ला, पोरांची मिरवणूक निघाली. झेंडा शिरीषच्या हातात होता. पोलिसांनी अडवलं, धाक दाखवला, पण पोरं हटली नाहीत. पोलिसानं मुलींवर बंदूक रोखली, तेव्हा शिरीष स्वतः पुढे झाला, असं आजही सांगतात. गोळीबार झाला आणि तो जागीच गेला. सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आपल्याकडे या वयाचं पोरगं दहावीत असते.

एक गोष्ट लेकरांना आवर्जून सांगावी. शिरीषच्या काळातल्या झेंड्यावर अशोकचक्र नव्हतं, चरखा होता. आजचा झेंडा २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं स्वीकारला. तो फडकलेला शिरीषनं पाहिलाच नाही.

म्हणून झेंडावंदन झाल्यावर कागदी झेंडे रस्त्यावर, नालीत पडलेले दिसतात, ते बरं नाही. झेंडा जमिनीवर पडू देऊ नये. फाटला तर उकिरड्यावर फेकायचा नाही, एकांतात मान राखून नष्ट करायचा, असा नियमच आहे. हे काम मोठ्यांनी करून दाखवलं तर लेकरं आपोआप शिकतात.

आणि मास्तर लोकांना एक विनंती. १५ ऑगस्टला भाषणांच्या गर्दीत हे राहून गेलं, तर ९ सप्टेंबरला परिपाठात पाच मिनिटं काढा. शिरीषसोबत आणखी चौघांचा जीव गेला होता : लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. ही पाचही नावं लेकरांकडून मोठ्यानं वाचून घ्या.