बोलपटाचे जनक : अर्देशीर इराणी

पडद्यावरील पात्र ओठ हलवते आणि त्याच क्षणी त्याचा आवाज आपल्या कानी पडतो. यात आज कोणालाच नवल वाटत नाही. पण आपल्या देशाच्या चित्रपटात हे नवल प्रथम घडले ते १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात. चित्रपट होता 'आलम आरा' आणि त्याचे निर्माते व दिग्दर्शक होते अर्देशीर इराणी.

अर्देशीर यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात एका पारशी कुटुंबात झाला. घरचा व्यापार वाद्यांचा व फोनोग्राफचा. म्हणजे यंत्रातून निघणारा आवाज त्यांच्या ओळखीचाच होता. पुढे ते चित्रपटांच्या व्यवसायात शिरले. अब्दुलअली युसुफअली यांच्या भागीदारीत त्यांनी मुंबईत अलेक्झांडर थिएटर चालवले, मूकपट काढले आणि १९२६ साली इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली.

१९२९ साली मुंबईच्या एक्सेल्सिअरमध्ये त्यांनी 'शो बोट' हा काही अंशी बोलका असलेला अमेरिकन चित्रपट पाहिला आणि आपणही बोलपट काढायचाच असा निश्चय केला. पण ध्वनिमुद्रण कशाशी खातात हे येथे कोणाला ठाऊक होते? त्यातच कलकत्त्याची मदन थिएटर्स ही बलाढ्य कंपनीही बोलपटाच्या तयारीत होती. थांबायला वेळ नव्हता.

इराणींनी परदेशातून टॅनार नावाची यंत्रसामग्री मागवली. तिच्याबरोबर विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तंत्रज्ञ आले. त्यांनी यंत्र जोडून दिले, परंतु ध्वनिमुद्रणासाठी ते दिवसाला शंभर रुपये मागू लागले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. तेव्हा इराणी व त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी सुमारे महिनाभरात डेमिंगकडून त्या कामाची मूलतत्त्वे शिकून घेतली आणि ध्वनिमुद्रणाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली.

हे काम सोपे नव्हते. इंपीरियलचा ज्योती स्टुडिओ केनेडी पुलाजवळ, रेल्वेमार्गाला लागून होता. आपण वांद्र्याहून चर्चगेटकडे जाताना ग्रँट रोड सोडताच हा भाग लागतो. गाड्यांच्या खडखडाटामुळे दिवसा ध्वनिमुद्रण अशक्य, म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्यावर चाले. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटत. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे दडवावे लागत. गाणी तिथल्या तिथे म्हटली जात आणि वादक दृश्याबाहेर बसून साथ करीत. एकदा सारे आवाज फिल्मवर एकत्र झाले की ते पुन्हा वेगळे करणे शक्य नव्हते.

येथे मला आमच्या वस्तीतील एक गोष्ट आठवते. गणेशोत्सवासाठी काही मुले स्वतः स्पीकरचे खोके बनवतात. ढोलाचा जाडा आवाज मोठ्या स्पीकरला आणि झांजेचा बारीक आवाज लहान स्पीकरला अशी वाटणी करणाऱ्या भागाला क्रॉसओव्हर म्हणतात. त्यातील तारेचे वेटोळे बारीक आवाज अडवते, तर कंडेन्सर जाडा आवाज अडवतो. वाटणी नेमकी कोठे करायची याचा हिशेब जमला नाही की मुले जाणत्या मिस्त्रीकडे जातात. कोणी तयार क्रॉसओव्हर घेऊन येतो, कोणी हिशेब शिकून येतो. पुढल्या वर्षी स्पीकर बदलला, म्हणजे जुना हिशेब चालत नाही. मग दोघांतला फरक कळतो.

इराणी हिशेब शिकून आले होते. म्हणूनच 'आलम आरा'वर त्यांचे काम थांबले नाही. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने 'कालिदास' हा पहिला तमिळ बोलपट काढला. १९३३ साली 'दोख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट मुंबईतच तयार केला आणि १९३७ साली 'किसान कन्या' हा रंगीत चित्रपट येथल्याच प्रयोगशाळेच्या बळावर पुरा केला. इकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला आणि मराठीही पडद्यावर बोलू लागली.

१४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही, ही दुःखाची गोष्ट आहे.

आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आधी कोणी नाही. अर्ज कसा भरावा, ग्रंथालयात पुस्तक कसे शोधावे, येथपासून सारे कोणाला तरी विचारावेच लागते आणि विचारताना जीभ अडखळते. मदत मागण्यात कमीपणा नाही, हे इराणींच्या चरित्रातून मला पटले. चाळिशी उलटलेला कंपनीचा मालक परक्या तंत्रज्ञासमोर विद्यार्थी होऊन बसला. मात्र शिकणे संपल्यावर यंत्रापाशी तो स्वतः उभा राहिला, हेही आपण विसरू नये.