शाहू महाराजांचे अखेरचे दिवस

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. जवळच त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघापासून त्याने धन्याला वाचवले, अशी आठवण सांगतात. येणारेजाणारे त्या इमानाचे कौतुक करतात. कुत्र्याची दुसरी कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

महाराजांचा जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सातव्या वर्षीच ते आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये ते सुटले, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला. मातोश्री परतायला मात्र १७१९ उजाडले. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब अशा तीन पिढ्यांना त्यांनी पेशवाई दिली. माणूस पारखणे हेच या राजाचे मोठे बळ होते.

उतारवयात तेच बळ ओसरू लागले. १७४० मध्ये घरचा कारभार सांभाळणाऱ्या विरूबाई गेल्या, १७४८ मध्ये राणी सगुणाबाई. महाराजांचे भान अधूनमधून सुटू लागले. ग्रँट डफने नोंदवले आहे, की एकदा भर दरबारात त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. भानावर आल्यावर त्यांनी पुन्हा कधी पगडी घातली नाही.

या कथेला हसू नये. या दुखण्याला आजचे नाव चिकटवण्याचाही हट्ट नको. दुःखाने खचलेले मन आणि स्मृतिभ्रंश वरवर सारखेच दिसतात. म्हणून तर घरातले वडीलधारे असे वागू लागले, की वय झाले म्हणून सोडून न देता आधी डॉक्टरांना दाखवावे. पण झालेली चूक नंतर उमगणे आणि त्याची लाज मनात राहणे, हे अशा आजाऱ्याच्या घरच्यांना ओळखीचे वाटेल.

थोरल्या राणी सकवारबाई महाराजांजवळून सहसा हलत नसत आणि पेशव्यांना एकांत मिळू देत नसत. वारसाचा प्रश्न लोंबकळत होता. ताराबाई आपल्या नातवाला, रामराजाला, पुढे करत होत्या, तर सकवारबाईंचा त्याला विरोध होता. १७४९ मध्ये नानासाहेब फौजेनिशी साताऱ्यात येऊन राहिले. महाराजांच्या हातच्या दोन चिठ्ठ्यांवर पुढे पेशव्यांचा सारा अधिकार उभा राहिला. माया प्रत्येकाची असेलही, पण प्रत्येकाचा हिशेबही होता. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेले आणि सकवारबाईंना सती जावे लागले. तसे होण्यामागे राजकारण होते, असे इतिहासकार लिहितात. वर्षभरातच ताराबाईंनी रामराजाला किल्ल्यावर कैदेत टाकले. राजाचे उशापायथे करणाऱ्या खिजमतगारांची नावे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आज सातारा-सांगलीकडच्या घरांतही हेच घडते, फक्त राज्याच्या जागी दोन एकर ऊस किंवा पेन्शनचे खाते असते. मुले पुण्या-मुंबईला, आणि रात्री चारदा उठणारी, तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकून शांतपणे उत्तर देणारी बहुधा सून किंवा म्हातारी बायको. बँकेच्या नोकरीत मी थरथरत्या सह्या पुष्कळ पाहिल्या. हात धरून आणणाऱ्याचा चेहराही पाहत असे. कागदाचा अर्थ कळेनासा झालेल्या माणसाची सही घेऊ नये. साधे मुखत्यारपत्रही देणाऱ्याचे भान हरपले, की कायद्याने संपते. म्हणून मृत्युपत्र, नामांकन, खात्यावर दुसरे नाव ही कामे आजाराच्या सुरुवातीलाच, सगळ्या भावंडांसमोर, खुद्द त्या माणसाला विचारून करावीत. आणि सेवा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस तरी सुटका द्यावी. तो तिच्यावर उपकार नव्हे, तिचा हक्क आहे.

महाराजांच्या मोठेपणाला त्या पगडीने उणेपणा येत नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्याच्या बाबतीतही तेवढे लक्षात ठेवले, तर पुरे.