झाकीरसाहेब आणि मुले

भारताचे तिसरे राष्ट्रपती कोण, असे विचारले तर आपली मुले डॉ. झाकीर हुसेन हे नाव चटकन सांगतात. सामान्यज्ञानाच्या पेपराला तेवढे पुरते. परंतु राष्ट्रपतिपद हे त्यांच्या आयुष्यातील शेवटचे पान होय. त्यांची हयात गेली ती शाळेत.

झाकीरसाहेबांचा जन्म १८९७ साली हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील लहानपणीच वारले, आणि १९११ साली प्लेगने आईही गेली. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कुलात व पुढे अलीगढला त्यांचे शिक्षण झाले. १९२० मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते सरकारी मदतीच्या कॉलेजातून बाहेर पडले आणि जामिया मिल्लियाच्या स्थापनेत सामील झाले. बर्लिन विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतले तेव्हा जामियाची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. एवढ्या पदवीच्या माणसाला दुसरीकडे कितीतरी मोठा पगार मिळाला असता. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र दीडशे रुपयांपेक्षा अधिक वेतन न घेता वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. १९४८ पर्यंत ते तेथेच कुलगुरू होते.

कुलगुरू म्हटला की कचेरी, फायली आणि भेटीची वेळ आपल्या डोळ्यांपुढे येते. झाकीरसाहेब प्राथमिक वर्गातील पोरांत रमत. मुले मळके बूट घालून येतात हे पाहून एके दिवशी ते स्वतःच ब्रश-पॉलिश घेऊन बसले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. १९३५ साली ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, तीही कोणा बड्या पाहुण्याच्या हस्ते नव्हे, तर जामियातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते! आम्ही शिक्षक रोज मुलांची हजेरी घेतो. आपली स्वतःची हजेरी मात्र मस्टरवर सही केली की लागली, असे समजतो.

आता एक प्रसंग सांगतो. प्राथमिक शाळेचा निकाल लागला होता व झाकीरसाहेब मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने येऊन कानात सांगितले, की धाकटी मुलगी रेहाना फार आजारी आहे. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला. मुलगी गेली होती. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलाला मिठाई मिळाल्यावरच ते घरी गेले. मुलांच्या आनंदावर विरजण पडू नये, एवढेच कारण त्यांनी पुढे सांगितले.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो, तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारते, की सर, ते पहिल्या निरोपालाच घरी का गेले नाहीत? मीही एका लहान मुलीचा बाप आहे. या प्रश्नाला मजजवळ उत्तर नाही, आणि त्यांचे ते करणे बरोबरच होते असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडसही मला होत नाही. त्या घरात एक आई एकटी बसली होती, हेही विसरून चालणार नाही. पुढे कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असे, असे त्यांच्या पत्नी शाहजहान बेगम यांनी सांगितल्याची नोंद आहे.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नेमलेल्या मूलोद्योग शिक्षण समितीचे ते अध्यक्ष झाले. पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर राष्ट्रपती भवनाजवळ नाही, जामियाच्या आवारात आहे.

मुलांसाठी त्यांनी उर्दूत गोष्टीही लिहिल्या. अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. या गोष्टी प्रथम छापल्या गेल्या तेव्हा त्यांवर लेखक म्हणून झाकीर हुसेन हे नाव नव्हते. रुकय्या रेहाना असे, त्या लेकीचे नाव होते.