फ्रँकलिन रूझवेल्ट: ‘फ्लू’ समजला गेलेला हृदयविकार

फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचे पाय लुळे पडले. पोलिओचे निदान झाले. त्या आजाराशी त्यांनी दिलेली झुंज सर्वांना ठाऊक आहे. हृदयाचा आजार मात्र बराच काळ लक्षात आला नाही.

१९३७ मध्ये त्यांचा रक्तदाब १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. वयानुसार रक्तदाब वाढायचाच, असा तेव्हा समज होता आणि परिणामकारक गोळ्याही नव्हत्या. शिवाय सिगारेट सुरूच होती.

१९४४ च्या सुरुवातीला त्यांचा खोकला आणि थकवा हटेना. फ्लू आणि ब्राँकायटिस म्हणून उपचार झाले. मुलगी अ‍ॅना हिला काळजी वाटली आणि तिने तपासणीचा आग्रह धरला. मार्चमध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले. थोड्या हालचालीनेही दम लागत होता, ओठ-नखे निळसर होती, हृदयाचा आकार वाढला होता आणि रक्तदाब १८६/१०८ होता. निदान झाले हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाल्याचे. डिजिटॅलिस हे औषध, कमी मीठ आणि विश्रांती यांनी काही दिवसांतच आराम पडला. रक्तदाब मात्र आटोक्यात आला नाही.

ऑगस्टमध्ये भाषण करताना त्यांच्या छातीत दुखू लागले आणि कळ दोन्ही खांद्यांपर्यंत गेली. १२ एप्रिल १९४५ रोजी अचानक डोके तीव्र दुखून ते बेशुद्ध झाले. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना लवकर दाखवा

- पूर्वी सहज जमणाऱ्या कामाने दम लागणे
- आडवे पडल्यावर खोकला किंवा धाप, उशा वाढवाव्या लागणे
- पायांवर सूज, अचानक वजन वाढणे
- कारण नसताना सततचा थकवा

छातीत दडपण किंवा दुखणे, कळ खांदा, हात, जबड्यात जाणे, दरदरून घाम येणे किंवा बसल्या जागी धाप लागणे, असे झाल्यास वाट न पाहता १०८ ला फोन करा.

फार चालणे-फिरणे नसलेल्या व्यक्तीला दम लागतो हे पटकन कळत नाही. अशा वेळी घरच्यांचे लक्ष महत्त्वाचे ठरते. रक्तदाब नियमित मोजा. रूझवेल्ट यांना न मिळालेल्या गोळ्या आज सहज मिळतात. त्या स्वतःहून बंद करू नका.