वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव आपल्याला परिचित आहे. परंतु ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या वाल्डेमार हाफकिन यांना द्यावी लागलेली अग्निपरीक्षा फार थोड्यांना ठाऊक असते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भीषण साथ पसरली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तिचाही पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. १८९८ मध्ये प्लेग बंगळूरपर्यंत पोहोचला. लसीची मागणी वाढली, तशी ती परळच्या प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. साहजिकच प्रत्येक बाटलीच्या शुद्धतेची जबाबदारीही वाढली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल केला होता; त्यामुळे चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

मात्र पुरावा वेगळेच सांगत होता. ती बाटली कित्येक आठवडे बंद होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासून आत वाढत असते, तर लसीला दुर्गंधी आली असती. बाटली उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले व १९१४ पर्यंत कोलकात्यात कार्यरत राहिले.

१९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. लस कितीही गुणकारी असली, तरी ती बनवण्यापासून टोचण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर दक्षता हवी आणि चूक घडल्यास ती नेमक्या कोणत्या टप्प्यावर झाली याचा शोध घेतला पाहिजे, हेच त्यांच्या चरित्रातून शिकायला मिळते.